मज्जारज्जूची दुखापत व मूलपेशींची आशा

मनुष्यदेहाच्या रचनेंतील ज्या गोष्टी पाहून मन थक्क होतें, त्यांत मज्जारज्जूची गणना अवश्य केली पाहिजे. पाठीच्या मणक्यांच्या पोकळींत राहणारा, करंगळीएवढ्या जाडीचा व सुमारें ४५ सेंटिमीटर लांबीचा हा एक मऊ दोर. परंतु मेंदूची आज्ञा हातापायांस पोंचविणें व हातापायांची वार्ता मेंदूस कळविणें हें काम त्याच्याच द्वारें चालतें. झाडावरून पडल्यानें, वाहनाच्या अपघातानें अथवा उथळ पाण्यांत सूर मारल्यानें मणका मोडून हा दोर चिरडला गेला, म्हणजे त्या जागेखालचें शरीर जिवंत असूनहि मालकास परकें होतें.

मोडलेलें हाड सांधतें. हातापायांतील तुटलेला मज्जातंतुहि दिवसास सुमारें १ मिलिमीटर अशा मंद गतीनें पुन्हां वाढूं शकतो. मग मज्जारज्जूसच ही देणगी कां नसावी? स्पेन देशाचे थोर शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं हा प्रश्न सूक्ष्मदर्शकांतून अभ्यासिला, आणि प्रौढ मेंदूंतील व मज्जारज्जूंतील तुटलेल्या वाटा पुन्हां उगवत नाहींत असा कठोर निर्णय दिला. मात्र हा निर्णय फिरविणें हें भावी शास्त्राचें काम आहे, असेंहि त्यांनीं लिहून ठेविलें. पुढें १९८१ सालीं कॅनडांतील माँट्रियल येथें अल्बर्ट अग्वायो व त्यांचे सहकारी यांनीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, पायांतील मज्जातंतूच्या तुकड्याचा पूल करून दिला तर मेंदूचे व मज्जारज्जूचे तंतुहि त्यांतून वाढतात. अर्थात् दोष केवळ तंतूंचा नसून बराचसा भोंवतालच्या भूमीचा आहे. दुखापतीनंतर तेथें सूज येते, शेजारच्या निरोगी पेशीहि मरतात, पोकळी पडते व तिच्याभोंवतीं व्रणाचा बांध उभा राहतो.

या उजाड भूमींत नवें बीं पेरावें, ही कल्पना म्हणजेच मूलपेशींचा उपाय. ज्या पेशींचें काम अद्यापि ठरलेलें नसतें व ज्यांपासून निरनिराळ्या जातींच्या पेशी होऊं शकतात, त्यांस मूलपेशी अथवा स्टेम सेल म्हणतात. जखमेच्या जागीं त्या घातल्या असतां कांहींनीं नव्या मज्जापेशी होऊन निरोप पुढें न्यावा, कांहींनीं उघड्या पडलेल्या तंतूंवर आवरण चढवावें, व कांहींनीं पोषक द्रव्यें देऊन उरलेल्यांस जगवावें, अशी अपेक्षा असते. १९९८ सालीं अमेरिकेंत जेम्स थॉमसन यांनीं मानवी गर्भाच्या अगदीं आरंभींच्या अवस्थेंतून अशा पेशी वेगळ्या काढल्या. पण त्यामुळें अनेकांच्या धर्मबुद्धीपुढें मोठा प्रश्न उभा राहिला. जपानांतील क्योतो येथें शिन्या यामानाका यांनीं २००६ सालीं उंदराच्या व २००७ सालीं मनुष्याच्या त्वचेंतील साध्या पेशीच मूलपेशींसारख्या करून दाखविल्या, आणि गर्भास हात न लावतां पुढें जाण्याची वाट मोकळी झाली. २०१२ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

याच वाटेनें टोकियोच्या केइओ विद्यापीठांत हिदेयुकी ओकानो व मासाया नाकामुरा यांनीं डिसेंबर २०२१ मध्यें पहिल्या रोग्यावर प्रयोग केला. एकंदर ४ रोग्यांस, दुखापतीनंतर १४ ते २८ दिवसांच्या आंत, प्रत्येकीं सुमारें २० लक्ष पेशी जखमेच्या जागीं टोचण्यांत आल्या. मार्च २०२५ मध्यें त्यांनीं जाहीर केलें कीं, गंभीर अपाय कोणासहि झाला नाहीं. दोघांच्या हालचालींत सुधारणा दिसली, व त्यांपैकीं एक जण आपल्या पायांवर उभा राहून चालण्याचा सराव करूं लागला. ही वार्ता आनंदाची खरी. परंतु तिचें माप नीट घेतलें पाहिजे. रोगी चारच होते. तुलनेसाठीं दुसरा गट नव्हता. आणि कांहीं रोगी अशा उपायावांचूनहि थोडेफार सुधारतात. शिवाय दुखापत ताजी होती. जुन्या व्रणाची गोष्ट अधिक बिकट आहे.

हें माप घेण्याची पाळी आमच्या परिचयाच्या एका शेतकरी कुटुंबावर आली. त्यांचा १९ वर्षांचा मुलगा आंब्याच्या झाडावरून पडून कमरेखालीं लुळा झाला होता. तीन वर्षांनंतर वडील एक जाहिरात घेऊन आमच्याकडे आले. मूलपेशींच्या टोचण्यांनीं मुलगा चालूं लागेल, असें त्यांस सांगण्यांत आलें होतें. खर्च कित्येक लक्षांचा होता. “शेत विकूं का?” एवढाच त्यांचा प्रश्न. आम्हीं म्हटलें, “दादा, आधीं त्यांस तीन गोष्टी लेखी विचारा: हा प्रयोग सरकारदरबारीं नोंदलेला आहे काय? आजवर किती रोग्यांवर केला व त्यांचें काय झालें? आणि प्रयोगच असेल तर पैसे कसले घेतां?” २०१७ सालीं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें बजावलेंच होतें कीं, रक्ताच्या ठराविक विकारांसारखे मान्य उपयोग वगळतां, संमत प्रयोगाबाहेर मूलपेशी वापरूं नयेत. वडिलांस लेखी उत्तर कधींच आलें नाहीं. शेत वांचलें, परंतु मुलाचे पाय परत आले नाहींत, आणि त्या दिवशीं त्याच्या डोळ्यांत जें दिसलें त्यावर आमच्यापाशीं शब्द नव्हते. आज तो चाकांच्या खुर्चीवर बसून घरच्या दुकानाचा हिशेब चोख ठेवितो.

उपाय येईपर्यंत आयुष्य थांबून राहत नाहीं, हें डॉ. मेरी वर्गीस यांनीं दाखवून दिलें. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांतील या तरुण डॉक्टरांस १९५४ सालीं मोटारीच्या अपघातांत हीच दुखापत झाली. त्यांनीं चाकांच्या खुर्चीवर बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, परदेशीं जाऊन पुनर्वसनाची विद्या मिळविली, आणि त्यांच्या परिश्रमानें १९६६ सालीं वेल्लोर येथें अशा रोग्यांसाठीं पुनर्वसनसंस्था उघडली.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यांतून कोणी पुढें प्रयोगशाळेंत जाऊन काहाल यांनीं सोंपविलेलें काम पुरें करील, अशी आम्हांस उमेद आहे. तोंवर एवढें ध्यानांत ठेवा. कोणी उंचावरून पडला तर त्यास उठवून बसवूं नका. मान व पाठ हलूं न देतां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. आणि शुभवर्तमानांतील तो पक्षघाती मनुष्य आठवा. त्यास बरें करणें त्याच्या चौघां सोबत्यांच्या हातीं नव्हतें. पण त्यांनीं खाट उचलली, वाट नव्हती तेथें छप्पर उघडलें, आणि त्यास आंत पोंचविलें. शाळेच्या, मंदिराच्या व कचेरीच्या दारीं पायऱ्यांशेजारीं एक उतार बांधून घेणें, हें तसेंच काम असून तें आजहि आपल्या हातीं आहे.