ऊन कुठे गेले?

कविता सुचते म्हणजे नेमके काय होते, असे लोक मला अधूनमधून विचारतात. लहान गावात राहून कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराला असले प्रश्न चुकत नाहीत. कादंबरीपुरते उत्तर सोपे आहे. कादंबरी मला कधी सुचत नाही. ती बैठकीने जमते. पहाटे उठून रोज दोन पाने लिहावीत, वर्षाअखेर बाड तयार होते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. बैठक हेच काय ते माझे भांडवल.

मुलांच्या गाण्याची गोष्ट मात्र निराळी. ते बैठकीला जुमानत नाही. 'चला, आता मुलांसाठी काही लिहू या' असे म्हणून बसले की जे उतरते त्याला उपदेशाचा वास येतो. आणि मुलांचे नाक या बाबतीत फार तिखट असते! गाणे येते ते न बोलावता येते, आणि मौज अशी की आधी त्याचा नाद येतो, अर्थ मागाहून चालत येतो.

अमेरिकेतल्या मुलांचे लाडके डॉक्टर स्यूस १९३६ साली युरोपातून बोटीने घरी परतत होते. बोटीच्या इंजिनाचा एकसुरी ठोका दिवसरात्र कानांवर आदळत होता. त्या ठोक्यावर त्यांच्या मनात शब्द बसू लागले. बोट किनाऱ्याला लागली तरी ठोका काही डोक्यातून जाईना. त्यावर पुढे त्यांनी महिनोन् महिने मेहनत केली आणि १९३७ साली त्यांचे मुलांसाठीचे पहिले पुस्तक निघाले. लुइस कॅरलची हकीकत याहून चमत्कारिक आहे. हे गृहस्थ ऑक्सफर्डला गणित शिकवीत. १८७४ च्या उन्हाळ्यात गिल्डफर्डच्या टेकडीवर एकटेच फिरत असताना त्यांना एकाएकी एक ओळ सुचली. एकच. तिचा अर्थ काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. मग त्या ओळीमागे कडवे आले, कडव्यामागे कडवी आली, आणि १८७६ साली आठ भागांचे दीर्घकाव्य प्रसिद्ध झाले. टेकडीवर भेटलेली ती ओळ त्याची शेवटची ओळ आहे!

आम्हा कर्जतकरांना हे समजायला जड जात नाही. भोर घाटाचा चढ सदतिसास एक. पुण्याकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्यांना कर्जतला मागे जादा इंजिने जोडतात; ती ढकलतात तेव्हा कुठे गाडी लोणावळ्याला पोहोचते. स्फूर्ती हे पुढचे इंजिन. ते दिमाखात शिट्टी देते, दिशाही तेच दाखवते. पण घाट चढायचा तर मागून कोणीतरी ढकलावे लागते.

आपल्याकडे विंदा करंदीकरांनी हे पुरते ओळखले होते. इंग्रजीचे प्राध्यापक. 'स्वेदगंगा', 'मृद्गंध', 'धृपद' अशी मोठ्यांची, विचारांनी जड कविता लिहून झालेली. वयाची चाळिशी उलटल्यावर, १९६१ साली, त्यांनी 'राणीची बाग' मुलांच्या हाती दिली; १९६३ साली 'एटू लोकांचा देश' आला. त्यांच्या या कवितांत एखादी वेडी कल्पना एकदा मानली की पुढचे सारे अगदी शिस्तीत घडत जाते. वेड अवचित आलेले, शिस्त कमावलेली. मुले दोन्हींवर खूश!

आता माझ्या पदरी पडलेल्या चार ओळींची कथा सांगतो. दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात मी सकाळच्या खोपोली लोकलने शाळेला निघालो होतो. पळसदरी सोडली आणि खिडकीतून पाहतो तो समोरचा डोंगर नखशिखांत निथळत होता. जागोजाग पांढऱ्या धारा. गाडीने ठेका धरलाच होता. त्यावर दोन ओळी आल्या :

डोंगर बसला न्हायला,
पंचा नाही पुसायला!

केळवली गेली, डोळवली गेली, तिसरी ओळही आली : 'ऊन कुठे गेले, ऊन कुठे गेले?' आणि तेथेच गाडी अडली. उत्तर काही सापडेना. आठवडाभर मी पुष्कळ शब्द जोडून पाहिले. यमक जुळे, पण गंमत येईना. अखेर तीन ओळी तशाच वर्गात नेल्या. पोरांनी टाळ्यांवर म्हटल्या. 'ऊन कुठे गेले?' मी विचारले. मागच्या भिंतीशी एक कातकरी मुलगा बसत असे. महिन्यापूर्वीच आईबापांबरोबर वीटभट्टीवरून परतलेला. वर्गात सहसा तोंड न उघडणारा. तो तेथूनच म्हणाला, "भट्टीवर गेलं ऱ्हायला, गुरुजी!"

सारा वर्ग हसला, तोही हसला. मला मात्र क्षणभर पुढे बोलवेना. आमच्या खालापूर-कर्जत भागातली कितीतरी कातकरी कुटुंबे दिवाळी उरकली की वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. ओल्या विटा उन्हात वाळवायच्या, मग भट्टीत रचायच्या. त्या मुलाने ऊन पाहिले होते ते तेथेच. पाऊस पडू लागल्यावर तो वाडीवर आला. मग ऊन मागे राहिले असणार, यात काय मोठेसे? मी आठवडाभर शोधीत होतो ते त्याच्या अंगावरून कधीच गेलेले होते.

त्या दिवसापासून स्फूर्ती म्हणजे एकट्यादुकट्याला होणारा साक्षात्कार आहे, असे मला वाटत नाही. तिचा अर्धा भाग गाडीच्या खिडकीत भेटतो. उरलेला कोणाच्या तरी जगण्यात पडून असतो. तो बाहेर यायला तिसरी ओळ मोकळी ठेवावी लागते.

दिवाळीनंतर वर्गातल्या पाच-सहा जागा रिकाम्या झाल्या. दप्तरे वाडीवर राहिली. भट्टीवर बरोबर गेले ते तोंडात मावेल तेवढेच. मुलांचे गाणे चार ओळींचे का असावे, ते टाळीवर का बसावे, याचे याहून चांगले कारण मला ठाऊक नाही.

पुढच्या जूनमध्ये शेजारच्या वाडीतली एक चिमुरडी नाव घालायला आली. आमच्या वर्गात ती पूर्वी कधी बसलेली नव्हती. आई कागद देत होती तोवर ती उंबऱ्यावर पाय आपटीत गुणगुणत होती : डोंगर बसला न्हायला, फडकं नाही पुसायला...

"कोणी गं शिकवलं?" मी विचारले.

"भट्टीवर म्हणतात सगळी," ती म्हणाली.

पंचा जाऊन तेथे फडके आले होते. मी वही काढली आणि ओळ तिच्या म्हणण्याप्रमाणे लिहून घेतली.