मावशीच्या फराळाचे पैसे

सौ. वहिनींस सप्रेम नमस्कार,

मसाल्यांच्या ऑर्डरी फोनवर घ्यायचं ठरलंय, पण पैसे कसे घ्यायचे तिथे गाडी अडलीय, असं दादा म्हणाला. म्हणून परवा चिंचवडला मावशीकडे मुद्दाम दिवसभर बसले. फराळाच्या धंद्यात ती हे सगळं सोसून बसलीय.

सुरुवातीला ती स्वतःच्याच यूपीआयवर पैसे घ्यायची. खर्च काहीच नाही. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याला शुल्क द्यावं लागत नाही. पण सीएने स्टेटमेंट मागितलं, तेव्हा चकलीचे पैसे, भाऊबीजेची ओवाळणी आणि भिशीचा हप्ता सगळं एकाखाली एक. दोन संध्याकाळी बिचारी पेन्सिलने खुणा करत बसली होती. मग तिने धंद्यापुरतं चालू खातं उघडलं आणि त्यावर बँकेचा व्यापारी क्यूआर घेतला. वहिनी, तुम्ही पहिल्या दिवसापासून हेच करा.

गेल्या दिवाळीत एकाने हिरव्या खुणेचा स्क्रीनशॉट दाखवून दोन किलो चिवडा नेला. खात्यात एक पैसा आला नाही! आता बँकेचा मेसेज आल्याशिवाय मावशी डब्याला चिकटपट्टी लावत नाही. मेसेजही ग्राहकाच्या नव्हे, स्वतःच्या फोनवर बघते. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी मागितला, तर फोन ठेवून द्यायचा.

शेजारच्या मुलाने तिला वेबसाइट आणि पेमेंट गेटवे सुचवला होता. तिने वहीत हिशेब मांडला. गेटवेचे साधारण २ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १,००० रुपयांच्या डब्यामागे २३ रुपये ६० पैसे. शिवाय पैसे बहुधा दोन कामकाजाच्या दिवसांनी येतात, म्हणजे गुरुवारचे सोमवारी. तोवर बेसन आणि तूप कशाने आणायचं? क्रेडिट कार्डानेच पैसे देणारं गिऱ्हाईक तिच्याकडे क्वचित येतं. तेवढ्यापुरती ती गेटवेची लिंक पाठवते, वेबसाइट केलीच नाही. मला तिचं पटलं.

जीएसटीच्या धास्तीने मात्र क्यूआर टाळू नका. जुलै २०२५मध्ये यूपीआयच्या नोंदींवरून बंगळुरूतल्या छोट्या दुकानदारांना नोटिसा आल्या आणि कित्येकांनी क्यूआर काढून टाकले. पण विक्री रोखीची असो की यूपीआयची, मोजली जातेच. आपल्याकडे मालाच्या विक्रीला नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख रुपये आहे. उलट अनुमानित पद्धतीने आयकर भरणाऱ्याचा नफा रोख विक्रीवर किमान ८ टक्के धरतात, बँकेतून आलेल्या पैशावर ६ टक्के. फक्त राज्याबाहेर माल विकायचा, तर ४० लाखांच्या आतही नोंदणी लागते. तेव्हा बेळगावच्या ऑर्डरी घेण्याआधी सीएला विचारा.

चालू खात्याला कोणते कागद लागले, ते मावशीने लिहून दिलंय, सोबत जोडते. कांदा-लसूण मसाल्याची पहिली ऑर्डर माझी धरा, अर्धा किलो. क्यूआर आला की पाठवा.

दादाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची नणंद