पल्ला कोणाचा?

मुरगूडला आमच्या घराचे बाहेरचे दार लोखंडी पत्र्याचे, दोन पल्ल्यांचे. अब्बा हयात होते तोवर दर दोन-तीन वर्षांनी मे महिन्यात ते स्वतः रंगवायचे. त्यांच्या पश्चात वाटण्या झाल्या. आत दोन चुली झाल्या, बाहेरचे दार मात्र एकच राहिले. ते भाईजाननी रंगवायचे की मी, हे कोणी बोलले नाही आणि ब्रशही कोणी उचलला नाही. असे चार पावसाळे गेले.

गेल्या ईदच्या आदल्या दिवशी मी घाईघाईने माझ्या बाजूच्या पल्ल्यावर हिरवा रंग फासला, तोही गंजावरूनच. पावसाळा सरायच्या आत फोड आले, पोपडे निघाले. लोखंडाला हवा आणि पाणी मिळाले की गंज धरतो. वरून रंग दिला तरी तो आतून वाढत राहतो आणि रंगाला बाहेर ढकलतो.

या मे महिन्यात पुन्हा बसलो. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढला. पॉलिश पेपर मात्र पाण्यात भिजवून घासला आणि मुलांना लांब ठेवले. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते, त्याची कोरडी धूळ लहान मुलांना घातक. नव्या घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे नको, हा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू झाला. आमच्या दारावरचे थर त्याआधीचे. दार पुसून, पूर्ण वाळवून त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, नाहीतर उघड्या लोखंडावर पुन्हा तांबूस झाक येते. खालची दुमड आणि बिजागरीची आतली बाजू विसरायची नाही. पाणी तिथेच साचते. मग रंगाचे दोन पातळ हात, मध्ये एक रात्र सोडून.

माझा पल्ला घासून झाला आणि मी हात धुवायला उठलो. ओसरीवरून अम्मी म्हणाल्या, "पानी को क्या मालूम, पल्ला किसका है?"

उर्दूच्या तासाला मी मुलांना सांगतो, ‘ज़े’ने लिहिला तर ज़ंग म्हणजे गंज आणि ‘जीम’ने लिहिला तर जंग म्हणजे लढाई. मराठीत नुक्ता गळला की दोन्ही सारखेच दिसतात. आमच्या दारावर तरी त्यांच्यात काय फरक उरला होता?

मी पुन्हा खाली बसलो आणि दुसरा पल्ला घासायला घेतला. भाईजान दुकानातून आले, थोडा वेळ उभे राहिले, काही न बोलता आत गेले. मला वाईट वाटले, पण हात थांबवला नाही.

तिसऱ्या दिवशी फजरला निघालो, तर दरवेळी करकरणारे दार आवाज न करता उघडले. बिजागऱ्यांना कोणीतरी तेल घातले होते. दोन्ही पल्ल्यांच्या.