विमा कोणाच्या नावाचा?

कोपरी, ठाणे (पूर्व)

चिरंजीव बाळास,

डोंबिवलीहून धाडलेले तुझे पत्र पावले. कंपनीने पाच लाखांचा आरोग्यविमा उतरवलेला असताना पदरचा हप्ता भरून दुसरा कशासाठी घ्यावा, हा तुझा प्रश्न वाजवी आहे. परंतु आमच्या इमारतीतील एका गृहस्थांच्या कर्करोगाच्या आजारपणाचे कागद लावून देण्याचे काम गेले वर्षभर माझ्याकडे असल्यामुळे त्याचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

कर्करोगाचा खर्च एका शस्त्रक्रियेपाशी थांबत नाही. तपासण्या, शस्त्रक्रिया, केमोथेरपीची आवर्तने, रेडिएशन आणि पुढे कित्येक वर्षे चालणारी फेरतपासणी, अशा क्रमाने तो लांबत जातो, आणि तीच ग्यानबाची मेख आहे. कारण पगारी रजा सरते, बिनपगारी रजाही सरते, अखेर नोकरी सुटते, आणि ज्या घडीला विम्याची निकड सर्वांत अधिक, नेमक्या त्याच घडीला कंपनीचा विमाही नोकरीबरोबर जातो. या गृहस्थांचे असेच झाले. नोकरी सुटताना त्याच विमाकंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागण्याची सोय असते, हे त्यांना वेळेवर कोणी सांगितले नाही, आणि निदान झालेल्या माणसाची नवी पॉलिसी उतरवण्यास मग कोणीही राजी होईना.

पॉलिसीवरील ठळक आकडा पाहूनही निर्धास्त होऊ नकोस. बारीक अक्षरांतील कलमे वाच. खोलीभाड्याला दररोज विमारकमेच्या एक टक्क्याची मर्यादा असेल, तर पाच लाखांच्या पॉलिसीत पाच हजारांची खोली मंजूर. तू दहा हजारांची घेतलीस, तर भाड्याचा फरक तर तुझ्या माथी येतोच, शिवाय शल्यचिकित्सकाची फी आणि शस्त्रक्रियागृहाचा आकारही त्याच प्रमाणात निम्मा कापला जातो. औषधांना ही कात्री लागत नाही, हा एक दिलासा. सबब, असे कलम नसलेली पॉलिसी पसंत कर.

प्रस्ताव-अर्जात जुना आजार दडवू नकोस. २०२४ च्या नियमांनुसार पूर्वीच्या आजारासाठी प्रतीक्षेची मुदत तीन वर्षांहून अधिक ठेवता येत नाही, आणि पॉलिसी सलग पाच वर्षे चालली की लबाडी सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडवल्याच्या सबबीवर दावा नाकारता येत नाही. म्हणजे मुदतीचे हे घड्याळ धडधाकटपणीच सुरू करण्यात शहाणपण आहे. वैयक्तिक आरोग्यविम्यावरील अठरा टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला असल्याने हप्त्याची तक्रारही आता फारशी उरलेली नाही.

सरकारी आधारही उपेक्षू नये. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना आता सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना दरसाल पाच लाखांपर्यंत लागू आहे. योजनेच्या अंगीकृत रुग्णालयात गेल्यावर प्रथम आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचे, टेबल शोधावे आणि शिधापत्रिका व आधारकार्ड त्याच्यापुढे ठेवावे. या गृहस्थांचे पुढील उपचार याच मार्गाने झाले. धर्मादाय रुग्णालयांतही दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवणे बंधनकारक आहे. मात्र त्यासाठी उत्पन्नाचा दाखला हाताशी लागतो.

तथापि उपचारखर्चाचा विमा बुडालेली मजुरी भरून देत नाही. १९४१ पासून परळला उभे असलेले टाटा रुग्णालय आपल्याला लोकलच्या एका तिकिटावर गाठता येते, हे आपले भाग्य. विदर्भ-मराठवाड्यातून येणाऱ्या कुटुंबाला उपचारापूर्वी निवाऱ्याची विवंचना पडते, आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी खोली मिळाली, तरी गावाकडची मजुरी बुडते ती बुडतेच. यास्तव सहा महिन्यांचा घरखर्च विम्याखेरीज निराळा बाजूस ठेव.

कंपनीचा विमा असू दे, तो चांगलाच आहे. पण तो कंपनीच्या मर्जीचा. हा महिना सरण्यापूर्वी स्वतःच्या नावाची पॉलिसी घे, तिची कलमे मुळापासून वाच आणि एक प्रत घरातील कोणाच्या तरी हवाली कर, कारण दवाखान्यात कागद शोधण्याची पाळी आजाऱ्यावर नव्हे, घरच्यांवर येते.



तुझा,
मामा