खोली कुणाची

भाड्याच्या पावत्या आजोबांच्या नावाने निघत होत्या आणि आजोबांना जाऊन अडतीस वर्षं झाली होती. २०१७ साली वरळीच्या आमच्या बीडीडी चाळीत पुनर्विकासातल्या घरासाठी पात्रतेचे कागद गोळा करायची धावपळ सुरू झाली, तेव्हा पहिल्यांदा आम्हाला त्याचा घोर लागला. तोवर त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. भाडं भरायचं, पावती घ्यायची, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. भाडं दोन आकड्यांवरून तीन आकड्यांवर गेलं, नाव तेच राहिलं. आई म्हणायची, "राहू दे त्यांचंच. खोली त्यांनी मिळवली."

खोली आईच्या आणि भावाच्या नावावर करायची तर बाकीच्या वारसांची ना हरकत लागणार होती. माझी सही मी कचेरीतून येता येता केली, फारसं वाचलंही नाही. आत्याची घ्यायला मात्र भाऊ आणि मी डोंबिवलीला गेलो. आत्याचा जन्म त्याच खोलीतला. मोरीच्या कडेला लुगडं बांधून आडोसा केला होता आणि आजोबा तिसऱ्या पाळीला गिरणीत होते, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलेली. तिने कागद लांब धरून सावकाश वाचला आणि विचारलं, "म्हणजे मी तिथली नव्हते, असं लिहिलंय का यात?" भावाने समजावलं की तसं काही नाही, फक्त घराच्या हक्काचं आहे. तिने सही केली. आणलेला नारळ आत ठेवला. नेहमीसारखं जेवून जा म्हणाली नाही.

आमची खोली १६० चौरस फुटांची. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, मधून काळोखा पॅसेज आणि मजल्याच्या टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. आम्ही नऊ माणसं होतो. पुरुष पॅसेजमध्ये किंवा गच्चीवर निजायचे, पावसाळ्यात पाय दुमडून आत. मी दहावीचा अभ्यास जिन्याच्या दिव्याखाली केला. समोरच्या ओळीत एका गावच्या गावकऱ्यांची खोली होती: पावती एकाच्या नावावर आणि राहायला सोळा-सतरा चाकरमानी, पाळीपाळीने झोपणारे, प्रत्येकाची ट्रंक भिंतीला लावलेली. त्या माणसांनी वर्षानुवर्षं वर्गणी काढून भाडं भरलं. पात्रतेच्या यादीत नाव एकाचंच येणार होतं. बाकीच्यांची मुलं आज कुठे आहेत, मला माहीत नाही.

घर मिळणार, तेही ५०० चौरस फुटांचं आणि मालकी हक्काचं, एक पैसा न भरता, हे जसजसं पक्कं होत गेलं तसतशी लोकांची भाषा बदलली. आधी "बिचारे चाळीतले" होतो, मग "मजा आहे बाबा तुमची" झालो. रिक्षावाल्यापासून नात्यातल्या लग्नापर्यंत एकच शब्द कानावर यायचा, फुकट. मला तो लागायचा. मी तावातावाने बोलायचे. शंभर वर्षांची इमारत, ढासळणारे सज्जे, स्लॅबच्या उघड्या पडलेल्या सळ्या, हे तुम्ही भोगलंत का, असं विचारायचे.

एकदा माझ्या टेबलाशेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने मला गप्प केलं. ती नालासोपाऱ्याहून येते. तिचे वडीलही गिरणीतलेच. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात माझे वडील आणि तिचे वडील सारखेच घरी बसले. तिचं कुटुंब लालबागला खाजगी मालकाच्या खोलीत पोटभाड्याने राहत होतं. ते भाडं थकलं आणि खोली सोडावी लागली. आमचंही थकलं होतं, पण आम्हाला कुणी बाहेर काढलं नाही. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली, ६,९२५ घरांची, प्रत्येकी साडेसात लाखांना. अर्ज लाखाच्या वर. तिच्या वडिलांचा नंबर लागला नाही, पुढे ते वारले. डबा उघडता उघडता ती म्हणाली, "मला वाईट वाटत नाही गं तुला घर मिळतंय त्याचं. फक्त एवढं सांग, तुझ्या बाबांत आणि माझ्या बाबांत फरक काय होता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून मी ते शोधत राहिले.

या चाळी कुणी बळकावलेल्या नाहीत, एवढं तरी मी ठामपणे सांगू शकत होते. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट उभं राहिलं आणि त्याने त्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. सुरुवातीला त्यांत राहायला कामगार येईनात. भाडं परवडत नव्हतं आणि काँक्रीटच्या त्या कोंदट खोल्यांचा लोकांना धसका होता. कित्येक खोल्या रिकाम्या पडून होत्या. सविनय कायदेभंगाच्या वेळी सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. पुढे माणसं आली, ती गिरणीला जवळ म्हणून. कोकणातली, घाटावरची. त्यांनी जांबोरी मैदानावर सभा गाजवल्या, गणपती बसवले, भीमजयंत्या काढल्या. त्यांच्यामुळे ही वस्ती झाली. ओस पडलेल्या भिंतींना किंमत त्यांनी आणली, असं मला मनापासून वाटतं.

पण कायद्याने आमचा हक्क किती होता? चाळीत सगळे समजायचे की भाडेकरू म्हणजे जन्माचा मालक, त्याला कोण हात लावतो. खरं म्हणजे भाडे नियंत्रणाचा कायदा सरकारी मालकीच्या जागांना लागूच नाही. १९४७ चाही नव्हता, १९९९ चाही नाही. उलट सरकारी जागेतून माणसाला बाहेर काढण्यासाठी १९५५ चा वेगळा कायदा आहे. म्हणजे मैत्रिणीच्या घरमालकाला जे जमलं ते सरकारला कागदावर अधिक सोपं होतं. सरकारने केलं नाही, कारण आम्ही हजारो होतो, एका जागी होतो आणि मतदार होतो. आम्हाला राहू दिलं गेलं. राहू दिल्याची सवय झाली आणि सवयीला आम्ही हक्क म्हणू लागलो. तो हक्क खोटा आहे असं मी म्हणत नाही. तीन पिढ्या एका जागी जगल्यावर माणसाला तिथून उपटू नये, हे मला आजही पटतं. फक्त तो मोजताना कुणाकुणाला धरलं आणि कुणाला नाही, हे बघायला लागल्यावर मला हवालदारकाका आठवायला लागले.

आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांची खोली. चाळींतल्या बऱ्याच खोल्या पोलिसांना सेवानिवास म्हणून दिलेल्या. खोली तीच, मोरी तीच, संडासाची रांग तीच. आमची पावती भाडेकरूची, त्यांची खोली नोकरीची, एवढाच फरक. घरभाडे भत्ता त्यांना मिळत नसे. सव्वीस वर्षं ते तिथे राहिले. माझ्या भावाला पोहायला त्यांनी शिकवलं, आजोबांना खांदा त्यांनी दिला. १९९४ साली ते निवृत्त झाले. चाळीत सगळे सांगत होते, "घाई कसली करता, राहा की, कोण विचारतंय." ते म्हणाले, "नाही, खोली खात्याची आहे. माझ्यामागून येणारा पोरगा कुठे राहील?"

ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी सामान टेम्पोत चढल्यावर काकू परत वर आल्या. बादलीभर पाणी घेऊन त्यांनी रिकामी खोली धुतली, उंबऱ्यापर्यंत. छताला पाळण्याची कडी होती, ती काढायला काका स्टुलावर चढले. गंजून घट्ट बसली होती, निघाली नाही. शेवटी तशीच ठेवली. मी दारात उभी होते. काकूंनी ओल्या हाताने माझा गाल कुरवाळला आणि जिना उतरल्या.

त्यांच्या जागी आलेल्या शिपायाने निवृत्तीनंतर खोली सोडली नाही. दंडाचं भाडं लागलं, नोटिसा आल्या, तरी ते कुटुंब हललं नाही. आम्ही त्यांना नावं ठेवायचो. मीही ठेवली आहेत, "सरकारी खोली बळकावून बसलेत" म्हणून, आजोबांच्या नावाच्या पावत्या घरात असताना. २०२२ साली सरकारने अशा पोलीस कुटुंबांनाही घर द्यायचं ठरवलं. आधी ५० लाख सांगितले, मग २५, शेवटी १५ लाख. भिंतीच्या अलीकडे घर विनामूल्य, पलीकडे १५ लाखांना, आणि ज्याने नियम पाळून खोली धुऊन दिली त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही. मैत्रिणीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मग जो उठला नाही त्याचं घर, असंच ना?" मी हो म्हणाले. दुसरं काही म्हणता आलं नाही.

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या, त्यांत आमची एक. आई चावी पदरात घेऊन बसून होती. नव्या घरात दोन संडास आहेत, हे तिने पहिल्या दिवशी तीनदा सांगितलं. आत्या आली. खिडकीतून खाली बघत तिने जुन्या चाळीची जागा बोटाने दाखवली आणि आईला म्हणाली, "वहिनी, मी आता चार दिवस राहणार." आई लगेच गादी घालायला उठली.

दिवाळीनंतर पेढे घेऊन मी सातारा जिल्ह्यातल्या हवालदारकाकांच्या गावी गेले. काकू नाहीत आता. काका नव्वदीला टेकलेत, ऐकायला कमी येतं. घराची हकीगत मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितली. कितवा मजला, लिफ्ट किती, पाणी किती वेळ. त्यांनी सगळं विचारून घेतलं, आनंदाने. मग म्हणाले, "आणि आमच्या खोलीत होते त्यांना?"

"त्यांनाही मिळणार. पंधरा लाख भरायचे आहेत."

काका थोडा वेळ अंगणाकडे बघत राहिले. "माझ्याकडं नसतेच म्हणा तेवढे," म्हणाले. मग सुनेला हाक मारून त्यांनी माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला आणि विचारलं, "ती कडी निघाली का गं, चाळ पाडताना?"