वाये दे ब्रावो: आकाशात माणसं, झाडांवर फुलपाखरं

मेक्सिको म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं? कान्कूनचे बीच, टकीला, मोठ्ठी सोम्ब्रेरो हॅट आणि हॉलिवूडच्या सिनेमात कायम पिवळट दिसणारं ते धुळकट वाळवंट. बरोबर ना? मग हे सगळं चित्र दोन मिनिटं बाजूला ठेवा. त्याजागी पाइनची गर्द जंगलं आणा, मधोमध एक निळंशार तळं, काठावर पांढऱ्या भिंती आणि लाल कौलांचं गाव, आणि त्या गावाच्या डोक्यावर घारींसारखी गिरक्या घेणारी रंगीबेरंगी पॅराग्लायडर्स. हे आहे वाये दे ब्रावो. (स्पॅनिशमध्ये दोन ‘एल’ शेजारी आले की उच्चार ‘य’च्या जवळ जातो, त्यामुळे ‘व्हॅले’ म्हणालात की गाववाले हसतात.)

मेक्सिको सिटीपासून हे गाव साधारण दीडशे किलोमीटरवर, 1,800 मीटर उंचीवर आहे. मुंबई-पुणेकरांसाठी लोणावळा जे आहे, ते राजधानीच्या लोकांसाठी वाये. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटायचा आणि गाडी काढायची. त्यामुळे सोमवार ते गुरुवार गाव शांत असतं, चौकात म्हातारेकोतारे बाकावर बसून नुसतं येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत असतात. शुक्रवारी रात्री त्याच चौकात पाय ठेवायला जागा नसते. जमलं तर मधल्या वारी जा. हॉटेलं स्वस्त मिळतात आणि गावही भेटतं.

गाव पायीच फिरायचं. गोट्यांचे चढ-उतार, भिंतींना खाली तपकिरी-लाल पट्टा, वर लाकडी सज्जे आणि रस्त्यावर पार पुढे आलेली कौलारू वळचण. कोकणातल्या माणसाला हे सगळं बघून एकदम घरी आल्यासारखं वाटेल, कारण इथेही पाऊस तसाच धो धो पडतो. 2005 मध्ये सरकारनं या गावाला ‘पुएब्लो माहिको’ म्हणजे ‘जादूई गाव’ असा अधिकृत दर्जा दिला. नाव जरा जास्तच गोड आहे, पण इथे शोभतं.

आता मुख्य कार्यक्रम. गावापासून अर्ध्या-पाऊण तासावर एल पेन्योन नावाचा कडा आहे. जगभरातले पॅराग्लायडर्स हिवाळ्यात इथे डेरा टाकतात, 2009 ची पॅराग्लायडिंगची जागतिक स्पर्धाही याच भागात झाली. कारण सोपं आहे. नोव्हेंबर ते मार्च इथे कोरडी हवा आणि कडक ऊन असतं. जमीन तापली की गरम हवेचे खांब वर उठतात, आणि त्यांवर स्वार झालं की इंजिनाशिवाय तासन् तास वर राहता येतं. कामशेतला उडून आलेल्यांना हे गणित नवीन नाही, पण इथला लिफ्ट जरा दांडगा असतो. पहिलीच वेळ असेल तर सकाळचा स्लॉट घ्या. दुपारी हवा खवळते, आणि मग पोटातली सकाळची कॉफीही.

टँडममध्ये तुमचं काम एकच, पळणं. पायलट मागून ओरडतो, “कोर्रे! कोर्रे!” तुम्ही कड्याच्या दिशेनं चार पावलं टाकता, पाचवं पाऊल हवेत पडतं आणि त्यानंतर एकदम शांत. खाली पाइनचे शेंडे, पुढे डोंगरांच्या रांगा. माझ्या पायलटनं मध्येच हात लांब करून काहीतरी दाखवलं. आमच्याच बरोबरीनं, त्याच गरम हवेवर, पंख न हलवता एक केशरी फुलपाखरू तरंगत होतं. तोपर्यंत मी हे ऐकलं होतं आणि थाप समजून सोडून दिलं होतं.

ते मोनार्क होतं. दरवर्षी कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातून निघून ही फुलपाखरं काही हजार किलोमीटर उडत येतात आणि मध्य मेक्सिकोतल्या मोजक्या डोंगरांवर हिवाळा काढतात. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. यातलं एकही फुलपाखरू आधी इथे आलेलं नसतं. मागच्या वर्षी आलेल्यांची ही पणतवंडं. तरी नेमके तेच डोंगर आणि तीच ओयामेल फरची झाडं. ही जागा स्थानिकांना पिढ्यान् पिढ्या माहीत होती. बाहेरच्या शास्त्रज्ञांना पत्ता लागला तो 1975 मध्ये. ती पोचतात साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे मृतांच्या सणाच्या सुमारास, आणि इथल्या लोकांची श्रद्धा आहे की ती घरी परतलेल्या पूर्वजांची रूपं आहेत. सर्वपित्रीला कावळ्याची वाट बघणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

वायेहून टोलुकाच्या रस्त्यावर पिएद्रा एर्रादा नावाचं अभयारण्य आहे. तिथून चढण सुरू होते, आणि तीही तीन हजार मीटरच्या आसपास. सिंहगड रोज चढणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं, हवा विरळ आहे. घोडे मिळतात. शेवटच्या टप्प्यात मात्र पायीच जायचं, बोलायचं नाही, कुठे हात लावायचा नाही आणि ठरलेल्या मिनिटांत खाली फिरायचं.

वर पोचलो तेव्हा ढग होते. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. झाडांच्या फांद्या वाळक्या पानांच्या ओझ्यानं वाकल्यासारख्या वाटल्या, इतकंच. मग ढग सरकला, ऊन आलं आणि ती ‘वाळकी पानं’ उघडली. एक फांदी, मग दुसरी, मग अख्खं झाड केशरी. पाठोपाठ हवा भरून गेली. आणि आवाज! फुलपाखराला आवाज असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. पत्र्यावर नव्हे, गवतावर पडणाऱ्या बारीक पावसासारखा. शेजारी उभ्या असलेल्या, सतत फोटो काढणाऱ्या एका पोरीनं कॅमेरा खाली केला आणि नुसती बघत राहिली.

ही फुलपाखरं एक एक करून मोजता येत नाहीत, म्हणून त्यांनी व्यापलेलं जंगल मोजतात. 1996-97 च्या हिवाळ्यात मेक्सिकोतल्या सगळ्या वसाहती मिळून 18 हेक्टर भरल्या होत्या. 2023-24 मध्ये ते क्षेत्र 0.90 हेक्टर होतं. पुढच्या वर्षी 1.79 वर गेलं, तर केवढा आनंद झाला! अमेरिकेतल्या शेतांवर तणनाशकं मारून मिल्कवीड संपवलं जातं, हे एक मोठं कारण. मोनार्कच्या अळ्या दुसरं काही खातच नाहीत. आपल्या रुईच्याच कुळातली ही चिकाची झाडं आहेत, आणि आपल्याकडे रुईवर वाढणारं प्लेन टायगर हे मोनार्कचं चुलत भावंड. दुसरं कारण इथलं, लाकूडतोड. दाट फांद्या फुलपाखरांना छत्री आणि गोधडी दोन्ही असतात. झाडं तुटली की पाऊस आत येतो, आणि भिजलेलं फुलपाखरू रात्रीच्या थंडीत मरतं. 2002 च्या जानेवारीतल्या एका वादळात अशी कोट्यवधी गेली.

हे जंगल सरकारचं नाही, गावाच्या सामाईक मालकीचं आहे. ‘एखिदो’ म्हणतात त्याला. तिकीट फाडणारे, घोडे धरणारे, वाट दाखवणारे सगळे त्याच गावातले. आमच्या गाइडबाईंना मी विचारलं, मार्चनंतर काय करता? “मका, बटाटे, आणि मुलगा शहरात बांधकामावर,” त्या म्हणाल्या. “चार महिने झाड उभं राहिलं तर पैसे देतं. उरलेले आठ महिने आडवं केलं तरच देतं.” त्यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. जास्तीची टिप दिली, ती त्यांनी हसून घेतली.

खाली आलं की तळं. सेलिंग, वेकबोर्ड, कयाक, काय हवं ते करा. पण हे तळं मुळात तळं नाहीच. 1940 च्या दशकात विजेसाठी धरण बांधलं, खोऱ्यातली शेतं पाण्याखाली गेली आणि काठावर श्रीमंतांचे बंगले आले. मुळशीवाल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. क्षमता साधारण 14 टीएमसी, म्हणजे आपल्या पानशेतपेक्षा मोठं. 1980 च्या दशकापासून हे पाणी कुत्सामाला योजनेतून हजारएक मीटर वर उपसून मेक्सिको सिटीला जातं. राजधानी आणि तिच्या भोवतालच्या महानगराचं जवळपास पाव पाणी याच योजनेचं. 2024 च्या उन्हाळ्यात साठा 30 टक्क्यांच्या खाली गेला. धक्के कोरडे पडले, होड्या चिखलात बसल्या, आणि वरच्या अंगाला खासगी मालकांनी ओढे अडवून बांधलेल्या तळ्यांवरून गाव आणि बंगलेवाले समोरासमोर आले. त्या पावसाळ्यात पाणी पुन्हा चढलं. वाद तळाशी तसाच आहे.

आव्हांदारो हा वायेचा श्रीमंत शेजारी, गोल्फ आणि ‘वेलो दे नोविया’ धबधबा असलेला. पण मेक्सिकन माणसाला हे नाव आठवतं ते 11 सप्टेंबर 1971 मुळे. ठरली होती मोटार शर्यत आणि सोबत थोडं संगीत. आली लाखाच्या वर तरुण पोरं. शर्यत रद्द झाली, रॉक रात्रभर चाललं, आणि हादरलेल्या सरकारनं नंतर पुढची बरीच वर्षं देशात रॉकचे कार्यक्रमच दाबून टाकले. आज तिथे इतकी शांतता असते की विश्वास बसत नाही.

खाण्याचं काय? ट्राउट मासा घ्या, थंड ओढ्यांच्या पाण्यावर इथेच वाढवतात. शाकाहारी असाल तर बाजारात निळ्या मक्याच्या केसादिया मिळतात, भोपळ्याच्या फुलांचं सारण घालून. फक्त ‘सिन कार्ने’ म्हणजे ‘मटणाशिवाय’ एवढं म्हणून भागत नाही. राजम्यात डुकराची चरबी असू शकते, म्हणून ‘सिन मांतेका’ही म्हणा.

अमेरिकेत प्रोजेक्टवर असाल आणि तिथला वैध व्हिसा असेल, तर फिरायला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. तिकीट काढण्याआधी नियम एकदा बघून घ्या. मेक्सिको सिटीच्या पश्चिमेकडच्या ऑब्झर्वातोरिओ टर्मिनलवरून थेट बस आहे. फुलपाखरं आणि उड्डाण दोन्ही हवं असेल तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी गाठा. स्वेटर न्या, सकाळी लागतो आणि दुपारी कमरेला बांधावा लागतो. आणि परतताना पिएद्रा एर्रादाजवळ गाड्या अचानक रांगत्या झाल्या तर हॉर्न वाजवू नका. फुलपाखरं पाण्यासाठी रस्ता ओलांडत असतात.