रोजचे तीन अध्याय

लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला वेळापत्रकाची थोरवी सांगावी लागत नाही. पण पुस्तकाला वेळापत्रक लावायचे म्हटले, की पुष्कळांच्या भुवया वर जातात. मनाला येईल ते पान उघडावे, गोड लागेल तेवढे वाचावे, असे म्हणणारे रसिक मला भेटले आहेत. त्यांचे खरेही असेल. मात्र त्यांना काचबिंदू झालेला नसावा.

गेलेली दृष्टी परत यायची नाही, आहे ती थेंब घालून जपायची, असे डॉक्टरांनी मला गेल्या दिवाळीत सांगितले. तेव्हा घरातले जुने मराठी बायबल एकदा अथपासून इतिपर्यंत वाचून काढावे, असे मी ठरविले. अध्याय एकंदर ११८९. रोज तीन, रविवारी पाच, की वर्षात पुरे होतात. शेजारच्या आक्का वारकरी घरातल्या. त्यांना याचे काहीच नवल वाटले नाही. “अहो भाऊ, आमच्या सप्ताहात सात दिवसांत नऊ हजार ओव्या होतात. तुम्हाला तर आख्खे वर्ष आहे!”

उत्पत्ति आणि निर्गम म्हणजे कर्जतपर्यंतची सपाट वाट. जानेवारी सरता सरता लेवीय लागले आणि घाट सुरू झाला. होम, बळी, त्वचेचे रोग. एवढेच काय, भिंतीवर हिरवे-तांबडे डाग दिसले, तर याजकाने ते घर सात दिवस बंद ठेवावे, हाही नियम. लोणावळ्याच्या श्रावणात तो लागू केला, तर गावात एक घर उघडे राहणार नाही! कर्जतला गाडीच्या मागे इंजिने लावून ती घाट चढवितात, तसे त्या दिवसांत मला वेळापत्रकाने मागून रेटले.

हे भाषांतर पंडिता रमाबाईंचे. १८९० च्या दशकात त्या आपल्या मुलींना घेऊन लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्याला आल्या होत्या. पुढे केडगावला त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना समजावे म्हणून सबंध बायबल मराठीत उतरविले. कान गेलेले, १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम चालूच. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. गोड तेवढेच घ्यायचे असते, तर भिंतीवरचे डाग त्यांना सोडून देता आले असते. त्यांनी तेही ओळीओळीने लिहिले.

एप्रिलात तीन दिवस नुसती वंशावळीतली नावे वाचली. मग स्तोत्रे आली आणि पाऊसही आला. पाने सर्द झाली. ११९ वे स्तोत्र, वचने १७६, नेमके वीज गेलेल्या संध्याकाळी आले. मेणबत्तीपुढे अक्षरे फुटू लागली. आक्का चष्मा घेऊन आल्या, पुस्तक ओढून घेतले आणि ओवीच्या चालीवर वाचू लागल्या. सगळ्या १७६.

वाचलेल्या अध्यायांच्या खुणा मी वहीत करतो. त्या संध्याकाळच्या खुणेपुढे ‘आ’ लिहिले. हे लिहितो आहे तेव्हा यहेज्केल चालू आहे आणि वहीतले ‘आ’ वाढत आहेत.

“डिसेंबरात तुमचे संपले, की माघात आमची ज्ञानेश्वरी ऐकायला यायचे,” आक्का म्हणतात. “वाचायचे नाही, नुसते बसायचे. पाट मी देते.”